अपिलाचे अठ्ठावीस दिवस

३ जून, सुवा, फिजी
लॉन्ड्रीतल्या बंधुभगिनींनो! (रोजनिशी असली म्हणून काय, सुरुवात खणखणीतच हवी.) आपल्या घामाने हॉटेलांच्या चादरी पांढऱ्या होतात आणि आपण तोंड उघडलं की नोकरी जाते! अकरा वर्षं इस्त्री केली. भर शिफ्टमध्ये टेबलावर चढून एकच भाषण केलं, तर काढून टाकलं. काल ट्रिब्युनलने दावाही फेटाळला. हरकत नाही. वर अपील आहे. अठ्ठावीस दिवस. वेळच वेळ.

९ जून
मसुदा: पान चौदा. अजून अन्यायाच्या इतिहासातच आहे. बायको, किनिसिमेरे, म्हणाली, निकालात कायद्याची चूक कुठे झाली तेवढं एका पानात लिही. तिला चळवळ कळत नाही.

१० जून
निकालाची प्रत पोस्टाने आली. दिवस आजपासून मोजायचे. म्हणजे आठ जुलै. उघड आहे.

१८ जून
ट्रिब्युनलच्या कचेरीत गेलो. कारकून वाइसेआ आमचा तौवू निघाला! दोन्ही गावांचा मूळपुरुष एक, म्हणून भेटलं की एकमेकांची खेचायची, कितीही झोंबलं तरी रागवायचं नाही. म्हणाला, तुमच्या गावाला कपडे घालायला आम्ही शिकवलं, आणि तू इस्त्री करतोस? मी म्हणालो, शिकवलंत, पण आमचेच चोरून! मग म्हणतो, निकालाच्या तारखेपासून मोज, तीस जूनला दार बंद. हसून पोट दुखलं.

२६ जून
वाइसेआचा फोन. चारच दिवस राहिले, लेका, झोपलायस काय? मी सुनावलं, उलट्या होडीत बसणारे तुम्ही, मला तारखा शिकवता? फोनच ठेवला. जिंकलो. संध्याकाळी मित्रांना यांगोनाच्या, आमच्या त्या मुळ्यांच्या गुंगीच्या पेयाच्या, वाडग्याभोवती मसुदा वाचून दाखवला. तिघे झोपले. यांगोना कडक होता.

३० जून, दुपारी तीन
वाइसेआ थेट घरी! एकच पान दे, सही कर, चारच्या आत शिक्का मारतो. आईशप्पथ, थट्टा नाही. काय नट आहे! तौवूंच्या थट्टेच्या रीतीप्रमाणे त्याच्या डोक्यावर पाण्याची बादली ओतली. निथळत गेला बिचारा. किनिसिमेरे टॉवेल घेऊन त्याच्यामागे धावली.

८ जुलै
बेचाळीस पानं घेऊन गेलो. वाइसेआने एकही टोमणा मारला नाही. मुदत तीसलाच संपली होती. वाढवून मागता येते, पण उशिराचं कारण लिहावं लागतं, म्हणाला, आणि माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. तासभर बसलो. एक ओळ सुचली नाही.

बंधुभगिनींनो, दावा फेटाळला गेला, तर निकालावरची तारीख त्याच दिवशी भिंतीवर लिहा.