विचारायचं राहिलं

३ मार्च
ती. मावशीस सा. न. वि. वि.
प्रबंधाला विषय मिळेना म्हणून मी रडत होते आणि तो निघाला तुझ्याच पत्रांत. काखेत कळसा न्‌ गावाला वळसा! इस्पितळाच्या धुलाईघरातल्या तुझ्या मैत्रिणींवर अख्खं प्रकरण लिहिलंय. नावं सगळी बदललीत, काळजी नको. सर खूश आहेत. महिनाअखेर प्रबंध द्यायचाय. सोबतची प्रत वाच आणि चुका कळव.
हे सगळं तुझ्या लोभामुळे. तो आटू देऊ नकोस.
तुझी मनी

११ मार्च
चि. मनीस अनेक आशीर्वाद.
भाचीचं लिखाण म्हणून मी शेफारले. आधी न चाळताच, डबे खाताना सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. 'डाव्या हातानं इस्त्री करणारी ही बाई नवरा परदेशी आहे असं सांगते. खरं तर त्यानं तिला टाकलंय.' अगं, आमच्या चौदा जणींत डावरी एकच! साऱ्या माना तिच्याकडे वळल्या. तिनं डबा झाकला आणि निघून गेली. आता खिडकीपाशी एकटी जेवते.
तिच्या जावेकडून ऐकलेलं मी तुला कळवलं, ही माझी चूक. पण मी तुला पत्र लिहीत होते गं, माहिती पुरवत नव्हते. फार वाईट वाटतंय.
तुझी मावशी

१७ मार्च
ती. मावशीस सा. न.
प्रकरण काढून घेतलं. सर म्हणाले, सगळ्यांत चांगलं तेच होतं. आता सहा महिने थांबावं लागेल. थांबेन. ज्याची गोष्ट त्याची परवानगी, हा नियम मला पाठ होता, परीक्षेत त्यावर मार्कही मिळवलेत. पण तुझी पत्रं म्हणजे घरचीच, म्हणून विचारायचं सुचलंच नाही. माझीच मला लाज वाटते. माफी मागायला येऊ का, एवढं तिला विचारशील?
रागावून का होईना, लोभ ठेव.
मनी

२६ मार्च
चि. मनीस अ. आ.
विचारलं. इतके दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून होती, काल बोलली. चादरीवरची इस्त्री न थांबवता म्हणाली, माफीचं राहू दे, पण पोरीनं लिहिलं तेही खोटंच. नवऱ्यानं तिला टाकलं नव्हतं; तिनंच त्याला बाहेर काढून कुलूप बदललं. परदेशाची थाप मुलांसाठी, त्यांना बापाची लाज वाटू नये म्हणून. पोरीनं येऊन विचारलं असतं तर सगळं खरं सांगितलं असतं, म्हणाली.
मग आता सांगशील का, असं मी विचारलं. नाही म्हणाली.
माझी माया आहे तशीच आहे. वेळेवर जेवत जा.
तुझी मावशी