चिंधीत पाणी होतं, असं मी तुझ्या आईला सांगितलं

वच्छे बये,

काल परभणीत आपला पिक्चर दाखवला. तुझी आई देवगाव फाट्याहून सकाळच्या यष्टीनं आली होती. पिक्चर संपल्यावर तिनं मला एक प्रश्न विचारला आणि मी तिच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलले. कालपासून अन्न गोड लागत नाही. सांगू कुणाला? मास्तर म्हणतील, सुमन, तू फार विचार करतेस. म्हणून तुलाच लिहितेय. तू गेलीस त्याला आता वर्ष होईल.

आठवतं का गं, पहिल्या दिवशी तू आम्हाला स्टेशनच्या मालधक्क्यावरून हाकललं होतंस? "फोटू काढून काय करता? देवळात लावता का आमाला?" मास्तर नाटकवाले, उसन्या कॅमेऱ्यावर पिक्चर काढायला निघालेले. घरदार सुटून फलाटावर राहणाऱ्या, पंक्चरचं सोल्यूशन चिंधीवर ओतून हुंगणाऱ्या तुम्हा पोरापोरींचा पिक्चर. त्यांना नट नको होते, खरी माणसं हवी होती. तू एकोणीस वर्षांची, नवऱ्याचं घर टाकून आलेली आणि सगळ्यांत तोंडाळ. तुझी अट एकच: "माझ्या मायला दावायचा." ती तेवढी आम्ही पाळली.

माझं काम वहीचं. कुठल्या सीनला कुणाचे केस कसे, कुणाचं बटण तुटकं, गालावर मळ किती, हे सगळं टिपून ठेवायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी माणूस तसंच्या तसं दिसतं. तू त्या वहीला पंचनामा म्हणायचीस. "अक्का, आज माझा पंचनामा झाला का?" असं विचारल्याशिवाय तू चहाला हात लावत नव्हतीस, आणि चहात साखर कमी पडली की पुन्हा भांडण!

मग विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद पुकारला गेला आणि अर्धा सीन तसाच टाकून शूटिंग चार दिवस थांबलं. पाचव्या दिवशी तू आलीस, तर कुणी ओळखेचना! डोक्यावरून न्हालेली, तेल चापून घट्ट वेणी घातलेली, वेणीला लाल रिबीन, अंगावर आईचं धुवट लुगडं. सोल्यूशनचा वास नाही, शिकेकाईचा.

"पिक्चर हाय ना अक्का? मग माणसानं नीट यावं का न्हाई?"

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. कॅमेरावाला हसून बेजार झाला. मीही हसले, तुझ्यापाशी काय लपवायचं! बंदच्या आदल्या दिवशीच तू शेवटची यष्टी धरून आईकडे गेली होतीस. चार दिवस चिंधीला शिवली नव्हतीस. "अंग लय कापायचं अक्का. मायनं धरून ठिवलं मला." तू हे सांगत होतीस आणि मी वही उघडून बघत होते: केस मोकळे, गुंता, डाव्या गालावर काजळी.

वेणी मीच सोडली. "हळू वढा की, मायनं घातली हाय," एवढंच म्हणालीस. तेल दिसू नये म्हणून मी तुझ्या केसांना राख चोळली, गालाला काजळी लावली, आणि लुगडं बदलून तुला तुझे जुने कपडे दिले. रिबीन वहीत ठेवली, हरवू नये म्हणून.

त्या दिवशी चिंधीचा शॉट होता. आधी आम्ही चिंधी पाण्यात भिजवून दिली. तू हुंगलीस, डोळे मिटलेस, पण मास्तरांना काही पटेना. दोनदा झालं, तीनदा झालं. ऊन उतरायला लागलं. आणि मी म्हणाले, "खरं आणू का?"

वच्छे, मला कुणी सांगितलं नव्हतं. मास्तर गप्प बसले, तो त्यांचा दोष. पण चालत सायकलच्या दुकानात मी गेले आणि सोल्यूशनची ट्यूब मी आणली.

तू ट्यूबकडे बघत राहिलीस. "खरंच घिऊ का अक्का?"

"एकदाच. शॉटपुरतं."

आणि तू तरी का ऐकलंस गं? साखरेवरून भांडणारी तू, त्या वेळी तुझं तोंड कुठं गेलं होतं? एक शिवी हासडली असतीस तर मी ट्यूब रुळावर फेकून दिली असती. असं मी स्वतःला सांगते. खरंच फेकली असती का, कोण जाणे.

शॉट एका झटक्यात झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चिंधी मात्र तू परत दिली नाहीस, आणि मीही मागितली नाही. दोन महिन्यांनी, थंडीत, तू मालधक्क्यावरच जीव सोडलास. मी तेव्हा मास्तरांबरोबर पुण्यात होते, पिक्चरची कापाकापी चालली होती. तो शॉट ठेवायचाच, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. माझंही.

काल पडद्यावर तोच शॉट आला. शेवटी तुझ्या आईनं माझं मनगट धरलं. "बाई, ते चिंधी हुंगायचं खरं न्हवतं ना?"

"नाटकच हो मावशी. पाणी होतं चिंधीत."

मला वाटलं, तिला बरं वाटेल. तर ती खाली बसली. "म्हंजी तवर चांगली व्हती. मागनंच बिघडली. मीच धाडली वो तिला माघारी. ती म्हनायली, ऱ्हाऊ का इथंच? मी म्हनलं, जा, लोकं खोळंबतील तुझ्यापायी. ठिवून घ्यायला पायजे व्हती."

मी तिला पाणी आणून दिलं आणि यष्टीत बसवून आले. माझं पाप तिच्या पदरात बांधून पाठवलं.

वच्छे, रविवारी मी फाट्यावर जाणार. रिबीन घेऊन जाणार आणि वहीही. ती शिव्या देईल, दारातून हाकलेल, तुझीच आई ती! हाकललं तर पुढच्या रविवारी पुन्हा जाईन. काय बोलायचं ते पाठ केलंय: मावशी, पोरगी तुमच्याकडून चांगली होऊन आली होती. तुम्ही घातलेली वेणी मी सोडली. ट्यूब मी आणली.

तुझी,
सुमनअक्का