त्रेचाळिसावी खिडकी

चिरंजीव गुंड्यास,

आत्याचे पोटभर आशीर्वाद, आणि त्यांच्यासोबत थोडा राग. दोन्ही एकाच पाकिटात मावले म्हणून पाठवते आहे. तुझा खोकला कसा आहे? वेळेवर जेवतोस का? (उत्तर येणार नाही हे ठाऊक आहे, पण विचारल्याशिवाय राहवत नाही.) माझी तब्येत उत्तम. गुडघा कुरकुरतो, पण तो आठ महिन्यांपूर्वी तुझ्या बॅगा जिन्यावरून उतरवल्या तेव्हापासून कुरकुरतो आहे, म्हणजे त्यात नवीन काही नाही. सातव्या वर्षापासून ज्याला वाढवलं तो नोकरीसाठी लांब गेला की आत्यांचे गुडघे दुखतातच म्हणे. तू जाताना दुकानात बसवून दिलेला कॉम्प्युटर मात्र मंगळवारी दगावता दगावता राहिला, त्याची हकिगत कळवते.

त्याचं असं झालं. गिऱ्हाइकांची मापं मी तू शिकवलंस तशीच त्यात लिहिते. ज्याचं काम त्याचं पान उघडते, पण बंद करत नाही. चांगल्या माणसाच्या तोंडावर दार लावणं माझ्याच्यानं होत नाही. मशीनही मी आठ महिने एकदासुद्धा बंद केलं नाही (का, ते पुढे येईल, घाई करू नकोस). हळूहळू ते इतकं मंदावलं, की वकीलसाहेबांच्या कोटाची बाही पडद्यावर उमटेपर्यंत वकीलसाहेब कंटाळून घरी गेले. शेवटी लंबूला बोलावलं. तुझा वर्गमित्र लंबू आता कॉम्प्युटर दुरुस्त करतो, आणि आपल्या दुकानाच्या दारावर अजून डोकं आपटतो. त्यानं मोजून त्रेचाळीस खिडक्या (पानांना तो खिडक्या म्हणतो) उघड्या असल्याचं सांगितलं आणि कपाळाला हात लावला.

मी म्हटलं, बाबा रे, मला कळेल असं सांग. तो म्हणाला, आत्या, मेमरी म्हणजे तुमचं हे कापायचं टेबल आणि डिस्क म्हणजे मागचं कपाट. काम करायचं तर कापड टेबलावर हवं. टेबल भरलं की आतला मुकादम (त्याला ते ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, मुकादम काय वाईट होतं?) ज्या गठ्ठ्याला सगळ्यांत जास्त वेळ कुणी हात लावलेला नाही, तो उचलून कपाटात ठेवतो. कुणी मागितला की परत आणतो, आणि त्याला जागा करायला दुसरा आत नेतो. त्रेचाळीस गठ्ठे झाले की बिचाऱ्याचा सगळा दिवस ने-आण करण्यातच जातो, टाका एक पडत नाही. हे मला लगेच पटलं. गर्दीच्या दिवसांत माझंही अगदी असंच होतं.

पुढचं ऐकून तर मी थक्क झाले. हा मुकादम म्हणे प्रत्येक प्रोग्रामला वेगळं गाठून सांगतो, सगळी जागा तुझीच आहे. म्हणजे माझ्या सासूबाईच! त्यांनी आम्हा चारही सुनांना एकेकटीला गाठून सांगितलं होतं, 'सगळं घर तुझंच गं बाई.' प्रत्येकीला वाटायचं पहिलं फडताळ आपलं. प्रत्यक्षात कुणाचा डबा कुठे आहे ते फक्त सासूबाईंच्या डोक्यात. मधलीनं एकदा थोरलीच्या डब्यात हात घातला, तर तिला तिथल्या तिथे माहेरी धाडलं. लंबू म्हणाला, दुसऱ्याच्या जागेत हात घालणाऱ्या प्रोग्रामला मशीनही असंच तिथल्या तिथे बंद करतं. (सासूबाई शाळेत गेल्या नव्हत्या. गेल्या असत्या तर काय केलं असतं कोण जाणे.)

इथपर्यंत हसणं-खिदळणं चाललं होतं. मग मी त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेले, आणि त्या गाढवानं धूळ पुसायची म्हणून सरळ वायरच उपटली. गुंड्या, मी अशी किंचाळले की समोरचा घड्याळजी धावत आला. लंबूला कळेना, मापं तर सगळी कपाटात शाबूत आहेत, मग आत्या का ओरडते? तेव्हा सांगावंच लागलं. त्रेचाळिसावी खिडकी गिऱ्हाइकाची नव्हती. तिच्यात तुझा निरोप होता, 'पोचलो. नंतर बोलतो.' मला वाटत होतं, ती मिटली की तो गेला. म्हणून मशीन बंद करत नव्हते, आणि रोज सकाळी पहिल्यांदा तीच बघत होते.

लंबूनं वायर लावली, मशीन चालू केलं आणि तुझा निरोप काढून दाखवला. वीज गेली की टेबल पुसलं जातं, आत्या, पण हा तर कपाटात आहे, कुठे जाणार? म्हणजे आठ महिने मी ज्याची राखण केली त्याला राखणीची गरजच नव्हती. मी विचारलं, हात न लागलेलं आत ठेवायचं, हा नियम माणसांनाही आहे का रे? तो माउसची वायर गुंडाळू लागला. मग म्हणाला, त्याला खरंच काम असेल हो. असेलच. तुझ्या टेबलावर गर्दी असणार, हे मला कळतं. पण 'नंतर' म्हणजे केव्हा, हे काही लंबूलाही सांगता आलं नाही, आणि मला तुझी फार आठवण येते.

बाकी सर्व ठीक. आता काम झालं की पान बंद करते. खास माझ्यासाठी येण्याची मुळीच गरज नाही. रजा जपून ठेव.

तुझी आत्या

ता. क. लंबू कळवेल की आत्या रडली. रडले. पण फार वेळ नाही, कारण वकीलसाहेब बाहीचं विचारायला आले.

ता. क. पानं बंद करते असं वर लिहिलं, ते बेचाळीस पानांबद्दल.

ता. क. लंबूच्या फोनमध्ये तुझा नवा फोटो पाहिला. (त्याला फोटो पाठवतोस हे मी मनावर घेतलेलं नाही. घेतलं आहे.) सदरा विकतचा दिसतो, उजव्या खांद्यावर ओढतो आहे. मी फिकट निळं कापड आणून ठेवलं आहे. माप कळवू नकोस. पोट आत घेऊन माप देणारे मी तीस वर्षं बघते आहे. ते अंगावरच घ्यावं लागतं. दोन दिवस ये. दोन नाही तर एक दिवस ये. सदरा हे निमित्त आहे रे, मला तुला डोळे भरून बघायचं आहे.