दोनच माणसांची मोटार

आबा, मला एक मोटार घ्यायची आहे आणि घ्यावी की नाही हे ठरत नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला काही विचारलं नाही, तुम्ही होतात तेव्हाही फारसं विचारलं नव्हतं. पण चिंचवडपासून चाकणपर्यंत मोटारीतलं खरं कळणारा माझ्या ओळखीचा माणूस एकच होता, आणि तो तुम्ही. म्हणून लिहायला बसले आहे. दुपारची वेळ आहे, दवाखान्यात आज दोनच बाळंतिणी आहेत आणि दोघी झोपल्या आहेत.

मोटार इटलीची आहे. पिंपरीच्या ज्या माळाबद्दल तुम्ही म्हणायचात की इथं कुसळांशिवाय काही उगवायचं नाही, तिथे आता कारखाने उभे राहताहेत आणि यंत्रं बसवायला परदेशातून इंजिनिअर येतात. त्यातल्या एकाच्या बायकोचं बाळंतपण गेल्या वर्षी मी केलं. अवघड होतं, पण पार पडलं. आता त्याचं काम संपलं, महिनाअखेर तो मायदेशी निघालाय आणि बरोबर आणलेली मोटार परत नेणं त्याला परवडत नाही. करड्या रंगाची, बुटकी, वर कापडी टप, स्टिअरिंगचं चाक डाव्या बाजूला. शर्यतीच्या मोटारी करणाऱ्यांनी रस्त्यावर चालवायला केलेली. ताशी शंभर मैलांच्या वर जाते म्हणतो, आणि इंजिनाचा आवाज ऐकल्यावर ते खोटं वाटत नाही. कारखान्यातल्या साहेबलोकांपैकी दोघांना ती हवी होती. त्यांना नाही म्हणून तो माझ्याकडे आला. म्हणाला, मी बॉनेट उघडलं तेव्हा सगळ्यांनी वेग विचारला, तुम्ही एकट्यांनी विचारलंत की कार्बुरेटर तीन कशाला. मी हसून वेळ मारून नेली. कार्बुरेटर म्हणजे काय हे मी कुठे शिकले, ते त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

ते तुम्हीच शिकवलंत. चाकण ते पुणे तुमची उतारूंची सर्व्हिस मोटार चालायची, त्या काळी पंचक्रोशीत तसल्या मोटारी तीन-चारच. मी तुमची भाकरी घेऊन स्टँडवर यायची आणि मग पुढच्या फळीवर तुमच्या शेजारी बसून मोशीच्या बाजारापर्यंत जायची. मी अकरा-बारा वर्षांची असेन. तुम्ही बोलत कमी, पण मोटारीबद्दल विचारलं की थांबत नव्हतात. गावामागच्या माळावर मोटार न्यायचात, मला तुमच्या जागी बसवायचात आणि स्वतः पायरीवर उभे राहायचात. माझे पाय क्लचपर्यंत जेमतेम पोचायचे. "हळू सोड पाय. ती सांगती कवा सोडायचा ते. ऐक तिचं," असं तुम्ही म्हणायचात. पहिल्यांदा मोटार गचका न खाता निघाली, तेव्हा तुम्ही पायरीवरून उडी टाकून शेजारी पळत आलात, माळाच्या टोकापर्यंत. तुम्हाला तसं पळताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

मग मी मोठी झाले. तुम्ही एक दिवस नुसतंच म्हणालात की आता पुरे, स्थळं बघायची वेळ आली. पण एकदा तुम्ही जेवून पडला होतात, मोटार अंगणात होती, आणि मी ती काढून माळावर दोन फेऱ्या मारून आणली. कुणाला धक्का लागला नाही, काही मोडलं नाही. पण बाजारातल्या एका आडत्याने पाहिलं आणि संध्याकाळी स्टँडवर तुम्हाला चार लोकांत विचारलं, की आता ड्रायव्हर म्हणून पोरगी ठेवली का. मी तिथेच होते, तुमचा चहा घेऊन आले होते. तुम्ही त्याला सोडून दिलंत. माझ्याकडे वळलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "मोटार बाईमाणसाची न्हाई. फिरून हात लावलास तर हात मोडून ठिवीन." लोक हसले. तुम्हीही त्यांच्याबरोबर हसलात, आबा. हात मोडण्याचं मी केव्हाच विसरले असते. ते हसणं नाही विसरले.

दुसऱ्या दिवसापासून इंजिन फिरवायचं हँडल घरात राहीनासं झालं. तुम्ही जाल तिथे ते पिशवीत घालून बरोबर न्यायचात. लग्नाला, मयताला, देवळात. आई एकदा म्हणाली, एवढं कशाला, पोरीला सांगितलंय की. तुम्ही म्हणालात, सांगून ऐकणारी असती तर.

त्या वर्षी आईला दिवस गेले होते, माझ्यानंतर किती वर्षांनी. तुम्हाला मुलगा हवा होता, तिलाही हवा असावा. तुम्ही संपलेल्या परवान्याच्या कामाला दुसऱ्याच्या मोटारीने पुण्याला गेलात तो दिवस. आपली मोटार अंगणात उभी. आईला अजून महिना होता. ती चुलीपाशी बसून भाकरी थापत होती, मी पीठ मळून देत होते, आणि ती मध्येच थांबून म्हणाली, जरा सुईणीला हाक मार. तव्यावरची भाकरी तशीच जळली. दुपार होईपर्यंत सुईणीने हात टेकले. बाहेर येऊन म्हणाली, "पोर आडवं हाय. माझ्यानं व्हायचं न्हाई. पुण्याला न्या, आन् आत्ता न्या." शेजारचे लोक जमले. कुणीतरी म्हणालं, दारात मोटार आहे की. मग सगळ्यांनी हँडल शोधलं. मीही शोधलं, ते घरात नाही हे माहीत असून.

बैलगाडी जुंपली. खाली कडबा, त्यावर गोधडी, त्यावर आई. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. आता कुठे आलो, असं ती विचारत होती, आणि मी प्रत्येक वेळी पुढच्या गावाचं नाव सांगत होते. नदी ओलांडली आणि तिने विचारायचं थांबवलं. मोशी अजून यायची होती. गाडीवान म्हणाला, थांबवू का. मी म्हणाले, नको. आणि पुढे थोड्याच अंतरावर समोरून सर्व्हिस मोटार आली, उन्हं उतरायच्या वेळी, आणि तिच्यातून तुम्ही उतरलात. पिशवी तुमच्या खांद्याला होती. तुम्ही गाडीत पाहिलंत, मग माझ्याकडे पाहिलंत. मी पिशवीकडे पाहत होते. तुम्ही ती खांद्यावरून काढून खाली ठेवलीत, रस्त्याच्या कडेला, जणू जड झाली होती. आपण दोघं काही बोललो नाही. तेव्हा नाही आणि नंतरही नाही.

महिनाभरात तुम्ही मोटार विकलीत आणि दुसऱ्यांच्या चालवायला लागलात. माझी स्थळं बघणं बंद केलंत, मला पुण्याला शिकायला ठेवलंत, पुढे डॉक्टरीला घातलंत. आजही चाकणची जुनी माणसं दवाखान्यात येतात आणि म्हणतात, बाई, तुमच्या वडिलांचं काळीज मोठं, त्या काळात मुलीला डॉक्टर केलं. मी हो म्हणते. तुम्हाला मी घरात नको होते, हे त्यांना काय सांगू. सुट्टीत आले की तुम्ही लांबची भाडी घ्यायचात. मी जेवायला वाढलं की पानाकडे बघून जेवायचात. आठ-नऊ वर्षं आपण एकमेकांना असंच टाळलं.

परीक्षा पास झाले तेव्हा तुम्ही वसतिगृहाच्या फाटकाशी आलात. अंगात धुतलेला सदरा, हातात नवी कातडी बॅग, डॉक्टर लोक नेतात तसली. ती पुढे केलीत आणि म्हणालात, "आता तुला कुनी अडवायचं न्हाई." मी बॅग घेतली आणि म्हणाले, "आधी तरी कुणी अडवलं होतं?" फक्त एवढंच. तुम्ही रस्त्याकडे बघत उभे राहिलात, मग गाडीची वेळ झाली म्हणून निघालात. ते वाक्य मी कितीतरी दिवस तयार करून ठेवलं होतं. म्हणून टाकल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही, पण परतही घ्यावंसं वाटलं नाही. पुढे दोन वर्षांनी तुम्ही गेल्याचा निरोप आला, तेव्हा चिंचवडात एक बाई अडली होती. मी आधी तिला मोकळं केलं, हात धुतले, मग निघाले. लोकांना त्यात कर्तव्य दिसलं. मी घाई केली नाही, इतकंच त्यात खरं होतं.

दवाखाना काढल्यापासून आता वापरते ती माझी तिसरी गाडी. तिन्ही गाड्या मी एकाच मापाने घेतल्या. इंजिन नंतर बघायचे. आधी मागचं दार उघडून स्वतः आत आडवी व्हायचे, पाय लांब करून. पुण्यातला एक विकणारा तर हसला होता, बाईंना गाडीत झोपायचंय का म्हणून. मी गाडी घेतली. आताची वॅगन चांगली आहे, ड्रायव्हर आहे. भोसरी, चऱ्होली, आळंदी, कुठूनही बोलावणं आलं की ती जाते. त्या मापात आजवर किती बायका निजल्या असतील. एकीलाही मी त्यामागचं कारण सांगितलेलं नाही.

आणि ही मोटार. इटालियन साहेबाने दाखवली तेव्हा मी सवयीने मागचं दार शोधलं. मागे दार नव्हतं, मागे काहीच नव्हतं. दोन बैठका, त्यांच्या पाठीशी एखादी पेटी मावेल एवढी जागा. माझ्याकडची नर्स मूळची रत्नागिरीकडची, तोंडाची स्पष्ट. तिने मोटारीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "बाई, ह्यात बाळंतीण निजवायची कुठे?" मी म्हणाले, तिच्यासाठी वॅगन आहेच की. ती म्हणाली, "मग ही कशाला?" चार दिवस झाले, मी त्याचं उत्तर शोधते आहे.

परवा साहेबाने चालवून बघा म्हटलं. मी कुठल्या रस्त्याला नेली असेन ते तुम्ही ओळखाल. भोसरीपर्यंत जपून गेले, बैलगाड्या, शाळेतली पोरं, चाक डावीकडे असल्याने समोरचं नीट दिसेना. मोशी मागे पडली, नदी ओलांडली, समोर रस्ता मोकळा झाला, आणि मी पाय दाबला. आबा, ती पाठीत ढकलते. गिअर बदलला की पुन्हा ढकलते. अंगावर भीतीचा काटा येतो आणि त्याबरोबर हसूही येतं. साहेब शेजारी टपाला धरून बसला होता. चाकणची वेस आली तेव्हा मी त्याच्या घड्याळात पाहिलं. नदीपासून वेशीपर्यंत नऊ मिनिटं लागली होती. आईचं डोकं मांडीवर घेऊन तोच रस्ता मी तीन तास पाहिला होता. साहेबाने विचारलं, गप्प का झालात, आवडली नाही का. मी म्हणाले, गिअर जरा घट्ट आहे.

परतताना चालवायला मी त्यालाच सांगितलं. शेजारी बसून मी विचार करत होते की या मोटारीचा उपयोग काय. उपयोग नाही, हेच तर खरं होतं. या मोटारीत कुणाला वाचवता येणार नाही, कुणाला पोचवता येणार नाही. पंधराव्या वर्षापासून मी जे जे केलं ते त्या बैलगाडीच्या मागे मागे धावत केलं, शिक्षण, दवाखाना, तिन्ही गाड्या, लग्न न करणं सुद्धा. ती गाडी मला गाठता यायची नाही, हे मला शेहेचाळिसाव्या वर्षी कळतं आहे. आणि तुम्ही मला माळावर मोटार शिकवलीत, ती कुणाला दवाखान्यात न्यायला नव्हे. ती चालते म्हणून शिकवलीत. मग काढून घेतलीत.

काल इथवर लिहून ठेवलं होतं. आज सकाळी मी साहेबाला हो म्हणून सांगितलं. कस्टमचे कागद तो करून देणार आहे. नर्सला सांगितलं, हौस म्हणून घेतली. ती "बरं" म्हणाली आणि कामाला लागली. चाकणला लोक हसतील, तुमच्या त्या स्टँडवर आता एस.टी. उभी राहते, तिथेही हसतील. हसू देत. तुम्ही असतात तर त्यांच्यात उभे राहिला असतात की माझ्या शेजारी बसला असतात, हे मी अजून ठरवू शकत नाही. शेजारी एकच जागा आहे. ती तुमच्यासाठी ठेवली आहे असं म्हणणं मला जमणार नाही.

हे पत्र टाकायचं कुठे, म्हणून ते ड्रॉवरमध्येच राहील. पण तुमच्यावर एवढं सगळं लिहिलं, तर एक गोष्ट न लिहिणं बरोबर नाही. आपल्या अंगणाला रस्त्याकडे उतार होता. हँडल नसलं तरी मोटार उतारावर ढकलायची, गिअर टाकून क्लचवरचा पाय सोडायचा, की इंजिन धरतं. बॅटरीच्या, पावसाच्या भानगडीत तुम्ही कितीदा तसं केलेलं मी पाहिलं होतं. त्या दुपारी दारात आठ-नऊ माणसं उभी होती आणि सगळी मिळून हँडल शोधत होती. मला माहीत होतं, फक्त मलाच माहीत होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. संध्याकाळी तुम्ही परत याल आणि मोटारीला हात लावला म्हणून चार लोकांत काय बोलाल, याचा मी विचार करत होते. आई आत ओरडत होती, आणि मला भीती वाटत होती ती तुमची.