सोबतीला कोण आहे?

दादा,

मी दवाखान्यात आहे. तोंडातून नळी घालून जठराला आतून टाके घालणार आहेत, म्हणजे ते लहान होईल आणि खाणं कमी होईल. पोटावर व्रणसुद्धा राहत नाही, म्हणून मी कुणाला सांगितलंच नाही. पण गुंगी देतात, आणि घरी न्यायला माणूस असल्याशिवाय आत घेत नाहीत, हे इथे आल्यावर कळलं.

सिस्टरनी विचारलं, "सोबतीला कोण आहे?" मी बोलून गेले, "दादा गाडी लावतोय."

माझ्या लग्नात माईक हातात घेऊन तू मला ढब्बू म्हणालास, अख्खा हॉल हसला, आणि मी तुझ्याशी बोलणं टाकलं. तरी थाप मारताना तूच आठवलास, याचाच मला जास्त राग येतोय.

सिस्टर आत्ता पुन्हा डोकावल्या. "भाऊ अजून गाडीच लावतायत? कुणी नसेल तर तसं सांगा, पुढच्या पेशंटला घेते."

आज हुकलं तर माझी पुन्हा हिंमत होणार नाही. हे पत्र पोचेपर्यंत थांबता येत नाही, फोनच लावते. का, कशाला, काही विचारू नकोस. नुसता ये, आणि कुणी विचारलंच तर सांग, गाडीला जागा मिळत नव्हती.

तुझी,
ढब्बू