अभिरामदादांच्या गाडीचं बटन

इंदूर,
दि. २३ नोव्हेंबर १९९७

ती. अभिरामदादा यांस,
वासुदेवाचे शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सगळे आपापल्या दुखण्यांसह ठीक आहेत. तुमचा गुडघा आणि कुमुदिनीवहिनींची शुगर मस्कतच्या हवेत आटोक्यात असेल, अशी आशा करतो. तुमचं पत्र येऊन महिना झाला. ‘गाडीचं काय झालं?’ एवढंच तुम्ही विचारलंत, तीन शब्दांत. उत्तरही तीन शब्दांत देता आलं असतं, तर मी महिनाभर कोरा कागद समोर घेऊन बसलो नसतो.

तुम्ही हौसेनं जहाजात घालून इकडे विकायला पाठवलेली बारा वर्षांची डिझेल गाडी माझ्या अंगणात सुखरूप आहे. इंजिन, गिअर, सीटा, सगळं खणखणीत. (सकाळी सुरू करताना ती खोकते, पण आपल्या वयात सकाळी कोण खोकत नाही?) अडलंय ते एका बटनावर. क्रूझ कंट्रोल, म्हणजे एकदा दाबलं की पाय न लावता गाडी त्याच वेगानं चालत राहावी, ते. राऊ गावात नवं कॉलेज काढलेले विजयजी ही गाडी घ्यायला एका पायावर तयार आहेत, पण त्यांचा सगळा जीव त्या बटनात. ‘भिया, पैर ऊपर लेके बैठना है मेरे को,’ असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. देशात सध्या सगळंच खुलं झालंय म्हणतात, तेव्हा माणसाला गाडी चालवताना पाय वर घेता यावेत, याला माझी हरकत नाही. पण हे बटन दाबलं की गाडी कधी पन्नासवर नीट चालत राहते, कधी दोन मिनिटांत हात सोडून देते, आणि कधी दाबून दाबून अंगठा दुखला तरी ढिम्म.

म्हणून मी नानाला बोलावलं. नाना म्हणजे आमच्या मिलचा हेड फिटर. (मी टाइम ऑफिसात हजेरी लावायचो, तो यंत्रं लावायचा; आता ना यंत्रं, ना हजेरी.) मिलला कुलूप लागल्यावर हा माणूस आठ महिने खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून होता. दाढी नाही, बोलणं नाही. त्याची बायको, प्रेमलतावहिनी, दाराबाहेर येऊन पदर डोळ्यांना लावायच्या. मला त्याच्याविषयी भीती वाटायला लागली होती, हे स्पष्टच लिहितो. गाडी बघ म्हटलं, तर भिंतीलाच म्हणाला, ‘विलायती चीज आहे, मला काय समजणार.’ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या ठोक्याला दारात हजर! दाढी केलेली, खाकी शर्ट, हातात डबा. घर तीन गल्ल्या सोडून आहे, तरी डबा. साडेतीनला सुट्टी. त्याआधी घरी जा म्हटलं तर त्याला अपमान वाटतो. मग मीही खिशाला पेन लावून सातला अंगणात येऊ लागलो, कारण वेळ बघायला कोणी तरी नको का? (शशिकला म्हणते, या गाडीला डिझेलपेक्षा चहाच जास्त लागतो. नवऱ्याबद्दल ती काय म्हणते ते लिहीत नाही.)

तपासाची पद्धत मिलचीच, म्हणजे ज्याला त्याला आपल्या खात्याचा बिघाड दिसतो. बॉयलरवरचा श्रीराम सहज डोकावला आणि म्हणाला, हवा निकल रही है. मी टाइम ऑफिसचा, म्हणून माझं मत पडलं की ही वेळेवर काही करत नाही. निघाला श्रीरामच खरा. इंजिनापाशी एक गोल डबी आहे, ती हवेच्या ओढीनं अॅक्सिलरेटर धरून ठेवते, आणि तिचीच रबरी नळी सुटली होती. ती नानानं बसवली. पुढे ब्रेकच्या पायपट्टीमागचा स्विच ढिला निघाला. (प्रत्येक खड्ड्यात त्याला वाटतं ब्रेक मारला, आणि इंदुरात त्याला तसं वाटतच राहतं.) तो आवळला, तर नळी सुटलेली. नळी बसवली, तर स्विच ढिला. अडीच महिने हेच चाललंय, दादा. मी थकलो.

त्यात ट्रायल घ्यायची कुठे? चाळीसच्या खाली बटन ऐकत नाही, आणि आमच्या कृष्णपुऱ्याच्या गर्दीत चाळीस ही आकाशातली गोष्ट. म्हणून रोज शहराबाहेरचा हातोदचा रस्ता. गेल्या गुरुवारी पन्नासला बटन लागलं. विजयजींना खात्रीनं सांगता यावं म्हणून मी पाय वर घेऊन मांडी घातली (पंचावन्न वर्षांच्या माणसानं स्टिअरिंगखाली मांडी घालू नये), आणि समोर एका म्हशीनं रस्ता ओलांडायला घेऊन अर्ध्यावर विचार बदलला. ‘भिया, पाँव नीचे लाव!’ नाना ओरडला. मांडी सुटेना. शेवटी त्यानंच आडवा होऊन हातानं ब्रेक दाबला. म्हैस वाचली, आम्ही वाचलो, त्याच्या डब्यातली कढी तेवढी माझ्या धोतरावर गेली. परत येताना नाना हसत होता. मिल बंद झाल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. माझी पाठ अजून धरलेली आहे.

तर सारांश, काम चालू आहे. घाई करू नये. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
वासुदेव

ता. क. : खोटं लिहून पाकीट बंद करवेना. नळी मी काढतो. गाडी पहिल्याच आठवड्यात ठीक झाली होती. नानानं हत्यारं पुसून पिशवीत भरली, ‘चलो, हो गया’ म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी सात वाजले, सव्वासात वाजले, तो आला नाही. जाऊन पाहिलं तर पुन्हा खाट, पुन्हा भिंत. घरी येऊन नळी काढली, ‘पुन्हा बिघडली’ असा निरोप धाडला, आणि तेव्हापासून रोज साडेतीनला तो गेला की मी बॉनेट उघडतो. स्विचला मात्र माझा हात लागलेला नाही, देवाशपथ. तेवढा बिघाड अस्सल आहे.

पुन्हा ता. क. : तोही नाही. शशिकला आत्ताच प्रेमलतावहिनींकडून आली. त्या दिवशी मी दारात उभा राहिलो, तेव्हा माझं तोंड बघून नाना रात्री जेवला नाही म्हणे. ‘वासुदेवजी का टाइम नहीं कटता, बेचारे का,’ असं म्हणाला. तेव्हापासून निघताना तो त्या स्विचचा नट अर्धा फेरा सैल करून जातो. आणि तीस वर्षांच्या फिटरला सुटलेली नळी आणि सोडलेली नळी यांतला फरक कळत नसेल, असं मला वाटत नाही.

मी बोललो तर तो यायचा थांबेल, तो बोलला तर मी अंगणात कशाला येऊ? म्हणून दोघंही गप्प आहोत. विजयजींना आज सांगून टाकलं, दुसरी गाडी देख लो. तुम्ही रागवा, तो तुमचा हक्कच आहे. पण एका नळीवर आणि एका नटावर आम्ही दोघं आणखी किती दिवस काढणार? तरी तिकडच्या एखाद्या जाणकार मेकॅनिकला विचारून, या गाडीत आणखी काय काय बिघडू शकतं, त्याची यादी उलट टपाली पाठवावी. लांबलचक असावी.