पाळण्यातलं दार

चामराजपेट, बंगळूर, शनिवार, डिसेंबर १९९६

उद्या नणंदेच्या लेकीचं बारसं. पाहुण्यांसाठी झेरॉक्स काढायच्या, म्हणून आज घरचा पाळणा लिहून काढला. अक्कांनी, म्हणजे ह्यांच्या आत्यानं, तो ह्यांच्या बारशाला रचला होता. त्यात तिसऱ्या दिवशी कुणीतरी पाठीनं दार धरतं. पाळण्यात दार कशाला? मी शहाणीनं ती ओळ गाळली.

अक्कांनी कागद वाचला. "दार कुठं गेलं?"

पाळण्यात कशाला, म्हणून गाळलं, असं मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "वादळात कडी तुटली होती गं. वारा थेट बाळंतिणीच्या खाटेवर. सकाळी दाराला पाठ लावली, ती दिवेलागणीला काढली."

"कुणी?"

"घरात बाळंतीण, बाळ आणि मी. सरी, लिही ती ओळ परत." विषय मिटवताना त्यांचं हे कानडी 'सरी', म्हणजे 'बरं', ठरलेलं. आणि त्या अवरेच्या शेंगा सोलायला बसल्या.

तेव्हा अक्का सोळा वर्षांच्या! ओळीत स्वतःचं नाव तेवढं घातलं नाही. आणि आम्ही इतकी वर्षं ते दार नुसतं चालीवर म्हणत आलो.

ओळ परत लिहिली, जरा मोठ्या अक्षरात. उद्या गाताना तिसरा दिवस आला की अक्कांकडे बघायचं नाही. बघितलं तर मला पुढचं गाता यायचं नाही.